रावसाहेबांची लेव्हल

आमच्या कॉलनीत निवृत्त अभियंते तीन-चार आहेत, पण ‘रावसाहेब’ म्हटलं की एकच. पाटबंधारे खात्यात शाखेवरच्या इंजिनीअरला रावसाहेब म्हणायची जुनी रीत. माणूस निवृत्त होतो, त्याच्यातला रावसाहेब होत नाही. यांची सगळी हयात नीरेच्या डाव्या कालव्यावर गेली. कुणाच्या घरी गेले की आधी भिंतीकडे बघतात, मग यजमानाकडे. आमच्या वास्तुशांतीला सगळे ‘छान झालंय’ म्हणत होते तेव्हा हे प्रसादाचा द्रोण हातात घेऊन न्हाणीघरात शिरले, तांब्याभर पाणी ओतलं, आणि ते जाळीकडे जायचं सोडून उंबऱ्याकडे निघालेलं मला दाखवलं. मगच शिऱ्याला हात लावला. शिऱ्याबद्दल काही तक्रार नव्हती. ‘मालाचं प्रमाण बरोबर आहे,’ म्हणाले.

अशा माणसाचा सण म्हणजे १५ सप्टेंबर. सर विश्वेश्वरय्यांचा जन्मदिवस. १९६८ पासून तो अभियंता दिन म्हणून पाळतात. रावसाहेबांच्या मते विश्वेश्वरय्या कर्नाटकात चुकून जन्मले. शिकले पुण्याच्या सायन्स कॉलेजात, १८८४ साली पहिली नोकरी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात, नेमणूक नाशिकला. ‘म्हणजे आपल्याच खात्याचे!’ हे ते अशा सुरात सांगतात, की दोघांनी एका टेबलावर मोजमाप पुस्तिका भरल्या असाव्यात असं वाटावं.

ऑगस्ट लागला की ते वर्गणीचं इस्टिमेट काढतात, त्यात आकस्मिक खर्चही धरतात. मग फ्लेक्सवाल्याच्या डोक्याशी उभे राहतात, कारण विश्वेश्वरय्यांचं नाव आजवर सात प्रकारांनी छापून आलेलं आहे. वर्गणी मात्र सगळ्यांकडून घेत नाहीत. कॉलनीतली निम्मी पोरं हिंजवडीला इंजिनीअर आहेत. ती बिचारी आपणहून पैसे द्यायला येतात, आणि रावसाहेब पावती फाडताना पुटपुटतात, ‘ज्याचं काम पावसात भिजत नाही तो कसला इंजिनीअर?’ ठेकेदारांकडून वर्गणी घ्यायची नाही हा त्यांचा नियम. फक्त खुर्च्या, जनरेटर, समोसे आणि शाली तेवढ्या ठेकेदारांच्या. ती वर्गणी नव्हे, तो सहभाग.

गेल्या वर्षी गणपती आधीच उठले होते, म्हणून मंडळाचा मांडव तसाच ठेवून घेतला. मांडववाल्याला रावसाहेब दुपारीच म्हणाले होते, ‘अरे, ताडपत्रीला उतार दिसत नाही.’ तो म्हणाला, ‘रावसाहेब, दहा दिवस बाप्पा बसले याच्याखाली, काय झालं नाही.’ बाप्पाचं नाव आल्यावर रावसाहेबांना पुढे बोलता येईना.

कार्यक्रम नेहमीसारखा सुरू झाला. म्हैसुरी फेट्यातल्या फोटोला हार घातला. पहिल्या रांगेतल्या एका पोराने ‘हे टिळक का?’ म्हणून विचारलं आणि आईचा चिमटा खाल्ला. प्रमुख पाहुण्यांनी चिठ्ठी काढून नाव वाचायला घेतलं. ‘मोक्षगुंड’पर्यंत आले आणि अडखळले. नजर नकळत ठेकेदारांच्या रांगेकडे गेली. रांगेनेही मान खाली घातली.

मग रावसाहेब उभे राहिले. आधी विश्वेश्वरय्यांच्या मेणबत्त्यांची गोष्ट झाली. सरकारी काम सरकारी मेणबत्तीवर, घरचं काम स्वतःच्या मेणबत्तीवर. ही खरी की रचलेली, देव जाणे, पण ती ठेकेदाराच्या जनरेटरवर सांगितली जात असताना ऐकण्यात वेगळी मजा असते. मग विश्वेश्वरय्यांची कालव्यावरची ब्लॉक पद्धत. थोडा ऊस, बाकी कमी पाण्याची पिकं, दर वर्षी जागा आलटून पालटून, म्हणजे टेलच्या शेतकऱ्यालाही पाळी मिळते. चहूकडून उसाने वेढलेल्या आमच्या गावाने या योजनेला जोरदार टाळ्या दिल्या. बाहेर पावसाचा जोर वाढला होता.

शेवटी त्यांचं लाडकं खडकवासला. १९०३ साली विश्वेश्वरय्यांनी तिथे बसवलेले स्वयंचलित दरवाजे. इथे रावसाहेबांचा आवाज हळवा होतो. ‘धरणाची भिंत न वाढवता जादा पाणी साठवलं! माणूस नको, मोटार नको, नुसता वजनांचा तोल! पाणी ठरल्या पातळीपर्यंत दरवाजा घट्ट बंद,’ ते दोन्ही हात वर नेत म्हणाले, ‘आणि पातळी ओलांडली, की आपोआप...’

पाहुण्यांच्या डोक्यावर तासभर फुगत आलेली ताडपत्री नेमकी त्या शब्दाला फाटली.

पाहुणे, शाली, श्रीफळ, समोसे, सगळं एका आवर्तनात भिजलं. हिंजवडीची पोरं पहिल्यांदाच ऑनड्यूटी भिजली, असं नंतर कुणीतरी म्हणालं. फोटो तेवढा कोरडा राहिला, कारण रावसाहेबांनी तो आधी छातीशी धरला होता. पाहुण्यांचा हात धरायचं मात्र त्यांना सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघालो, तर रावसाहेब मैदानात. एका खांबाशी लेव्हल ट्यूबचं टोक धरून मांडववाला उकिडवा बसलेला, दुसऱ्या टोकाला हे. मला बघून चष्मा कपाळावर सरकवला आणि अपार समाधानाने म्हणाले, ‘पावणेदोन इंच उलटा उतार. तरी मी दुपारीच म्हटलं होतं.’

मग खिशातली डायरी काढून त्यांनी ते मोजमाप नोंदवलं आणि मांडववाल्याची सही घेतली.