लीन शिकवा, पण जपून

शिरोळ तालुक्यातल्या कामगारांना लीन, म्हणजे कामातला अपव्यय काढून टाकायची रीत, शिकवायचं ठरलं की पहिल्यांदा गारेगार हॉल शोधावा. शेडमध्ये शिकवू नये. तिथं काम चालू असतं आणि चुका नजरेला पडतात. टोयोटाचे ताइची ओनो खडूनं जमिनीवर वर्तुळ काढायचे, त्यात इंजिनिअरला उभं करायचे आणि तासन्‌तास नुसतं काम बघायला लावायचे. पण त्यांच्याकडं प्रोजेक्टर नव्हता.

मग भाषेचा बंदोबस्त करावा. नको ते काढा, हवं ते जागच्या जागी ठेवा, झाडून-पुसून घ्या, रीत ठरवा, ठरलेली रीत मोडू नका, असं मराठीत सांगितलं तर पाच मिनिटांत समजतं. उरलेल्या दोन दिवसांचं काय करायचं? म्हणून हेच जपानीत सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके असं पाढ्यासारखं घोकून घ्यावं.

ओनोंनी सांगितलेले अपव्यय सात. ते नुसते सांगू नयेत, करून दाखवावेत. एका स्लाइडचं काम असताना दीडशे दाखवल्या की अतिउत्पादन झालं. दीपप्रज्वलनासाठी साहेबांची वाट बघण्यात प्रतीक्षा आली. यड्रावच्या कामगारांना बसनं कोल्हापूरच्या हॉटेलात नेलं की वाहतूक. चहा हॉलच्या एका टोकाला आणि बिस्किटं दुसऱ्या टोकाला ठेवली की हालचाल. हजेरी वहीत, एक्सेलमध्ये आणि अंगठ्यावर अशी तीनदा घेतली की अतिप्रक्रिया. न उघडलेल्या फायलींची चळत म्हणजे साठा. राहिला दोष, तो प्रमाणपत्रावरच्या नावात आपोआप होतो.

मागच्या बाकावर साखर कारखान्याचा माणूस बसला असेल तर सावध राहावं. तो हात वर करणार. “साहेब, तोडलेला ऊस यार्डात उभा राहिला की वाळतोय, वजन घटतंय, उतारा पडतोय. ही तुमची प्रतीक्षाच न्हवं का?” त्याला ‘प्रश्नोत्तरं शेवटी’ म्हणून बसवावं. नाहीतर तोडीची चिठ्ठी आल्याशिवाय टोळीनं फडात कोयता लावायचा नाही, ही पद्धत मागणीची चिठ्ठी आल्यावरच माल बनवायच्या कानबानच्या किती जवळची आहे, हेही तो बोलून दाखवेल. बगॅस बॉयलरला, मळी डिस्टिलरीला आणि प्रेसमड शेताला जातो, हे त्याला ठाऊक असतं. शून्य अपव्ययाची स्लाइड त्याच्यासमोर लावू नये.

महापुराचा विषय तर अजिबात काढू नये. २००५, २०१९ आणि २०२१ चं पाणी या तालुक्यानं अंगावर घेतलंय. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. हे आकडे इथल्या पोरांनाही पाठ. टोयोटाच्या कारखान्यात अडचण आली की अँडनचा दिवा लागतो. इथं मोबाइलवर बंधाऱ्याचा आकडा वाचला जातो आणि जनावरं कधी हलवायची, धान्य माळ्यावर कधी चढवायचं, हे कुणाला विचारावं लागत नाही. नृसिंहवाडीला कृष्णेचं पाणी दत्ताच्या देवळाकडं चढू लागलं की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात हलवतात. पाणी पादुकांवरून वाहत दक्षिण दरवाजानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा. इशारा ठरलेला, काम ठरलेलं, जागा ठरलेली, आणि फ्लोचार्ट कुठंच नाही. असं उदाहरण निघालं की सल्लागाराला फी मागताना अवघड जातं.

फीची तशी फार काळजी नको. मार्च २०२३ मध्ये तेव्हाचे केंद्रीय लघुउद्योग मंत्री नारायण राणे यांनी लघुउद्योगांसाठीची लीन योजना नव्यानं सुरू केली. बेसिक, इंटरमिजिएट, ॲडव्हान्स्ड अशा तिच्या तीन पायऱ्या, आणि अंमलबजावणीच्या सल्ल्याचा ९० टक्के खर्च सरकारचा. उरलेल्या १० टक्क्यांत सूचनापेटी बसवावी. पेटीला कुलूप लावावं. किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडं असावी.

ऑडिटच्या दिवशी नको असलेलं सगळं सामान शेडच्या मागं नेऊन वर ताडपत्री टाकावी आणि पुढून फोटो काढावा.

शेवटी एकच खबरदारी. प्रशिक्षणाच्या फायली ऑफिसच्या खालच्या कप्प्यात ठेवू नयेत. ऑगस्टात पाणी वाढायला लागलं की कामगार स्वतःहूनच सेइरी करतात. मोटर वर जाते, हत्यारांची पेटी वर जाते, हजेरीवही वर जाते. फायली कुठं जातील, याची खात्री देता येत नाही.