खटल्याचं घर, बर्लिन

आमचा मावसभाऊ बाळ्या सात वर्षांचा असताना त्याला सदाशिव पेठेत एक लालसर कुत्रं चावलं. तो काळ पोटात चौदा इंजेक्शनांचा. चौदाही वेळा मीच त्याला सायकलच्या दांडीवर बसवून नेलं, आणि प्रत्येक खेपेला हा दांडीवरूनच रस्त्यातल्या यच्चयावत कुत्र्यांचा उद्धार करायचा. कॉलेज संपेपर्यंत कुत्रं दिसलं की बाळ्या गल्ली बदलत असे. हा इतिहास मुद्दाम सांगतोय. कारण आज बर्लिनमध्ये त्याच्या तीन खोल्यांच्या घरात बायको, दोन पोरं आणि तीन कुत्री नांदतात, आणि पलंगाचा उजवा कोपरा त्यांतल्या एकाच्या नावावर आहे. एक पोरगं त्या कोपऱ्यावर वारसाहक्क सांगतं, पण ते चालत नाही.

असा माणूस तुमच्याही नात्यात एखादा असेलच. ‘घरात जनावर नको’ म्हणत वाढलेला, परदेशी जाऊन स्थिरावलेला. पोरांना सोबत हवी म्हणून पहिलं कुत्रं येतं. कुत्र्याला सोबत हवी म्हणून दुसरं. तिसऱ्याला कारण लागत नाही, तोवर माणूस कामातून गेलेला असतो.

बाळ्याचं पहिलं कुत्रं म्हणजे पिवळी लॅब्राडॉर, नाव पिठलं. दुसरा डाकेल, म्हणजे जर्मनांचा तो आखूड पायांचा, लांबच लांब, बिळात घुसून बिज्जू हुसकायला पैदा केलेला कुत्रा. त्याचं नाव शेवगा. तिसरा रोमानियाच्या रस्त्यावरून दत्तक आलेला. तो दिसायला थेट आपल्या पेठेतला असल्यामुळे त्याला बंड्याशिवाय दुसरं नाव शोभलंच नसतं. तिकडच्या डॉक्टरकडे जनावराला मालकाचं आडनाव लावून पुकारतात. मी गेलो होतो तेव्हा आतून बाईंनी ‘पिट्ला कुल्कार्नी!’ अशी हाक मारली आणि आमच्या कुळातली एक व्यक्ती शेपूट हलवत आत गेली.

नावांचा त्रास व्हायचा तो पुण्याला. मावशी फोनवर रोज विचारणार, ‘जेवलात का रे?’ एकदा बाळ्या काळजीने म्हणाला, ‘आई, पिठलं सकाळपासून बरं नाहीये.’ मावशी म्हणाली, ‘शिळं असेल. टाकून दे.’ फोन स्पीकरवर होता. थोरला पोरगा रडायला लागला.

मी तीन आठवडे राहिलो. दारातून आत शिरलं की भिंतीवर ओळीने खुंट्या. पहिल्या चारांवर माणसांचे कोट, खाली पोरांच्या चिखलात लोळायच्या रबरी विजारी, मग तीन पट्टे. माझ्या जाकिटासाठी जागा झाली ती आठव्या खुंटीवर, बंड्याच्या पट्ट्यानंतर. ज्येष्ठता घरात राहिलेल्या वर्षांवर ठरते, वयावर नाही, असं भावजयीने हसत सांगितलं. मीही हसलो, पण तीन आठवडे त्याच क्रमाने मला चहा मिळाला.

सकाळी साडेसहाला घर उठतं, म्हणजे कुत्री उठतात आणि बाकीच्यांना उठवतात. 2020 साली तिकडच्या कृषिमंत्री बाईंनी कुत्र्याला रोज दोनदा, मिळून किमान एक तास बाहेर न्यावं असा नियम सुचवला होता. देशभर त्याची यथेच्छ टिंगल झाली, आणि पुढे नियम आला तेव्हा त्यातला तासाचा आकडा गळून ‘पुरेसं’ एवढाच शब्द उरला. बाळ्याच्या घरात मात्र तो तास शाबूत आहे. पाऊस असो की उणे पाच. पुढे लाकडी पेटी बसवलेली ती सायकल असते ना, तिच्यात दोन पोरं आणि मध्ये शेवगा, बाजूने पिठलं आणि बंड्या पळताहेत, आणि सगळ्यांच्या मागे मी, विष्ठेच्या पिशव्यांची गुंडाळी सांभाळत. ती खिशात नसली तर बर्लिनमध्ये दंड होतो. पुण्यात आयुष्यभर हिशेबाच्या वह्या सांभाळल्या, म्हणून हे खातं विश्वासाने माझ्याकडे आलं.

हिशेबावरून आठवलं. तिकडे पोरांमागे सरकार पैसे देतं आणि कुत्र्यांमागे घेतं. 2025 साली पोरामागे महिन्याला 255 युरो मिळत होते. बर्लिनचा कुत्रेकर पहिल्याला वर्षाला 120 आणि पुढच्या प्रत्येकाला 180. म्हणजे दोन पोरं एका महिन्यात 510 युरो आणतात आणि तीन कुत्री अख्ख्या वर्षात 480 नेतात. ‘दादा, तीस युरो शिल्लक!’ बाळ्या विजयी मुद्रेने म्हणाला. पिठल्याचं इन्शुरन्स, बंड्याच्या दातांचं बिल आणि शेवग्याने खाल्लेला सोफा हे त्याने कुठे धरलंय, असं मी विचारलं. तो म्हणाला, ‘ती गुंतवणूक.’

रेल्वेतही तोच न्याय. तिथे आईबापांबरोबरची लहान पोरं फुकट आणि मांजरापेक्षा मोठ्या कुत्र्याला लहान मुलाच्या दराचं तिकीट, वर तोंडाला जाळी. मांजराएवढं किंवा त्याहून लहान कुत्रं पिशवीत असेल तर फुकट. ड्रेस्डेनच्या गाडीत शेवग्यावरून पेच पडला. हा उंचीला मांजराहून लहान, लांबीला दीड मांजर. बाळ्याने त्याला भाजीच्या पिशवीत बसवलं. तोंड एका बाजूने बाहेर, शेपूट दुसऱ्या. टीसी आला, वाकला, पिशवीची पुढची बाजू पाहिली, मग चालत मागच्या बाजूला गेला आणि तीही पाहिली. दोन्ही टोकं एकाच जनावराची असल्याची खात्री झाल्यावर त्याने मुकाट्याने तिकीट फाडलं.

खालच्या मजल्यावर एक आजीबाई राहतात. रात्री दहानंतर आणि रविवारभर शांतता हा तिकडे धर्म आहे, आणि या बाई कडक सोवळ्याच्या. भुंकण्याबद्दल त्यांची चिठ्ठी दारात यायची, सुवाच्य अक्षरात, तारीखवेळेसह. बाळ्याने कायदा वाचून काढला (हा गुण आजोळचा) आणि त्याला हिरा सापडला. बर्लिनने 2010 साली कायद्यातच लिहून ठेवलंय की पोरांचा गोंगाट हा वाढीचा भाग आहे आणि तो सहसा सहन केलाच पाहिजे. कुत्र्यांना ही सवलत नाही. तेव्हापासून बंड्या भुंकला की धाकटीला भुंकायला बसवतात. चार वर्षांची पोर गालिच्यावर हात टेकून अशी काही गुरगुरते की बंड्याच गप्प होतो. आजीबाई एकदा वर आल्या. दारात पोर भुंकतेय आणि कुत्रा भिंतीकडे तोंड करून बसलाय हे पाहून काही न बोलता खाली गेल्या. पुढच्या चिठ्ठीत फक्त प्रश्नचिन्ह होतं.

एवढ्या सगळ्या गोंधळात एक गोष्ट माझ्या उशिरा ध्यानात आली. ग्रूनेवाल्डच्या जंगलात कुत्री मोकळी सोडायची मुभा आहे. रविवारी तिथल्या तळ्याकाठी जत्रा भरते. चहूकडून ‘कोम! कोम!’ चाललेलं, आणि कुठल्या कोमला कुठलं कुत्रं धावतंय याचा पत्ता नाही. त्या गदारोळात बाळ्याने तोंडाशी हात धरून खास आजोळच्या सुरात आरोळी ठोकली, ‘या रे बाळांनोऽ!’ झुडपांतून तीन कुत्री बाणासारखी आली. बाळं, म्हणजे त्याची दोन खरी बाळं, तळ्यात दगड टाकत राहिली. त्यांना त्याने जर्मनमध्ये बोलावलं.

मग मी कान देऊन ऐकू लागलो. ‘जाकीट घाल’, ‘दात घासलेस का’, ‘टॅब्लेट ठेव’ हे सगळं जर्मन. आणि रात्री पोरं झोपली की सोफ्याच्या उरलेल्या भागावर बसून, बंड्याच्या कानामागे खाजवत, ‘काय रे राजा, दमलास? आज पाय दुखतोय का तुझा? दाखव बघू,’ असं अस्सल, साजूक, मावशीचं मराठी.

‘पोरांशी का नाही बोलत?’ मी विचारलं.

‘बोलायचो की. थोरला तीन वर्षांचा होईतो बोललो. मग बालवाडीत गेला, उत्तरं जर्मनमध्ये यायला लागली. मी मराठीत विचारायचं, त्याने जर्मनमध्ये सांगायचं. दिवसभर ऑफिसात तेच झालेलं असतं, दादा, कंटाळा येतो.’ त्याने बंड्याकडे पाहिलं. ‘हे उलट उत्तर देत नाहीत.’

पोरांना मराठी अजिबात येत नाही असं मात्र नाही. दुसऱ्याच दिवशी जेवताना मी पानावरून उठायला लागलो, तर धाकटीने बोट रोखून हुकूम सोडला, ‘बस!’ मी बसलो. ‘हात दे!’ मी दिला. ‘शाब्बास!’ म्हणून तिने माझ्या ताटात तिच्या पोळीचा तुकडा टाकला. टेबलाखालून तीन नाकं हळहळली. ती पाहिजे तेवढं मराठी शिकली होती, फक्त ते कोणाशी बोलायचं असतं याबद्दल तिचा एक समज होता. उरलेले दिवस आम्हा दोघांचं फार छान जमलं. ‘ये’, ‘थांब’, ‘सोड’, ‘आण’ यांत घरातला बहुतेक व्यवहार बसतो, असं माझ्या ध्यानात आलं. चाळीस वर्षांच्या संसारात मीही याहून फार वापरलेलं नाही.

निघायच्या दिवशी सगळं खटलं विमानतळावर. भावजय रडली, थोरल्याने जर्मन पद्धतीने हात मिळवला, पिठल्याने माझ्या पँटला लाळ पुसली. मी ट्रॉली ढकलत पुढे झालो, तर मागून स्वच्छ, खणखणीत आवाज आला.

‘थांब!’

मागे वळलो. धाकटी हाताचा पंजा पुढे धरून उभी होती, शाळेत शिकवल्यासारखी. मी थांबलो. ती चालत आली, खिशात हात घातला आणि एक हाडाच्या आकाराचं बिस्किट काढलं. ते पोरांचं होतं की कुत्र्यांचं, हे विचारायला मला जर्मन येत नव्हतं.

मी तिथंच उभ्या उभ्या खाल्लं.