माझ्या पाठीमागचा ताजमहाल

वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली हाफ पँट, ‘तुमचा आवाज येत नाहीये’, कुकरच्या शिट्ट्या, डालगोना कॉफी हे सगळं तुम्हीही भोगलंय आणि त्यावरचे विनोद एकमेकांना फॉरवर्डही केलेत. ते मी वगळतो. माझं दुःख कमरेच्या खाली नव्हतं, पाठीमागे होतं.

लोअर परळच्या ऑफिसात मला केबिन होती. म्हणजे तीन बाजूंना काच आणि चौथ्या बाजूला झेरॉक्सचं मशीन. पण दारावर नाव होतं. लोक टकटक करून आत यायचे. टेबलावरची घंटी दाबली की चहा यायचा. हे सगळं माझ्या व्यक्तिमत्त्वामुळे होतं अशी माझी प्रामाणिक समजूत होती. मार्च २०२०मध्ये लोकल बंद झाल्या, केबिन तिकडे राहिली आणि व्यक्तिमत्त्व तेवढं डोंबिवलीत अडकलं. एकदा सवयीने मी जरा खणखणीत आवाजात ‘चहा!’ म्हणालो, तर आतून आईने विचारलं, “कोण आलंय रे?”

तेव्हा उरलं एकच, स्क्रीनवरचा चौकोन. साहेबपण जे काही राखायचं ते त्या चौकोनात. त्या दिवसांत टीव्हीवर जो तो तज्ज्ञ पुस्तकांच्या कपाटासमोर बसलेला असे. बोलणं विषाणूवर असो की शेअर बाजारावर, मागे पुस्तकं. माझ्या मागे काय होतं? आमच्याकडे राउटर हॉलमध्ये, त्यामुळे मीही हॉलमध्ये, आणि माझ्या मागे शोकेस.

आता शोकेसबद्दल सविस्तर बोललं पाहिजे. फ्लॅटचा ताबा मिळाला की पूर्वी आधी भटजी येऊन जात आणि मागोमाग सुतार. सुतार भिंतभर शोकेस करून ठेवी. मधला मोठा खण टीव्हीचा. पुढे टीव्ही चपटा होऊन भिंतीवर गेला; त्या खणात आता वीजबिलं राहतात. बाजूला काचेची सरकती दारं. त्यांतलं एक कायम अडकलेलं, दुसरं सरकवायला गेलं की पहिल्याच्या मागे जाऊन बसतं, म्हणजे कुठल्याही वेळी शोकेसचा अर्धाच भाग उघडता येतो आणि हवी ती वस्तू नेहमी उरलेल्या अर्ध्यात असते. आत सावंतवाडीची लाकडी फळं. त्यांतल्या सीताफळाचा देठ आमच्या चिरंजीवांनी दात येताना चावून खाल्लेला. प्लॅस्टिकच्या पिशवीसकट ठेवलेली बाहुली. ती बाहेर काढली तर धूळ बसेल म्हणून तिने आयुष्यात मोकळा श्वास घेतलेला नाही. शिंपल्यांचा गणपती. बंद पडलेलं घड्याळ, त्यावर ‘सप्रेम भेट’ आणि देणाऱ्यांची नावं. घड्याळ फेकावं तर नावं फेकल्यासारखं होतं. वक्तृत्वस्पर्धेतलं माझं ढालवजा बक्षीस, त्यावरचा ‘उत्तेजनार्थ’ हा शब्द दिसू नये अशा बेताने लाफिंग बुद्धा उभा. पांढरा डिनर सेट, स्टिकरसह. तो पाहुण्यांसाठी आहे. कोणत्या, ते अजून ठरलेलं नाही, पण आजवर आलेले नव्हेत. आणि बरोबर माझ्या डोक्यामागे आग्र्याहून आणलेला, काचेच्या पेटीतला ताजमहाल. त्यात दिवा आहे. पिन खुपसली तर अजून लागतो, गुलाबी.

मीटिंगमध्ये माझ्या दोन्ही कानांवरून दोन मिनार उगवलेले दिसायचे. मी तिमाही हिशेब मांडतोय आणि दिल्लीचा एक पोरगेला सहकारी, “सर, ये लाइट भी होता है क्या?”

मग मला माळ्यावरचा विश्वकोश आठवला. बाबांनी मराठी विश्वकोशाचे खंड हौसेने घेतले होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला बसून हे केवढं काम उभं केलं, हे ते आल्यागेल्याला सांगायचे. पहिला खंड १९७६चा. ज्ञानाचा एवढा साठा आपण केवळ झुरळांच्या भरवशावर ठेवला याची मला एकाएकी खंत वाटू लागली. खंड उतरवले, पुसले, ताजमहाल हलवून तिथे मांडले.

अनावरण १२ ऑक्टोबरला ठरलं, मोठ्या साहेबांसमोरच्या माझ्या सादरीकरणाच्या वेळी. मी घसा साफ केला, आणि सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. तुम्हाला तो दिवस आठवत असेल, लोकलसुद्धा रुळांवर उभ्या राहिल्या होत्या. मोठे साहेब तोंड अर्धवट उघडलेल्या अवस्थेत गोठले आणि विश्वकोश माझ्याच घरात, मला एकट्याला दिसत राहिला.

पुढच्या खेपेला वीज होती, पण खंड माझ्या डोक्याने झाकले जात होते. म्हणून मी पाऊण तास डावीकडे कलून बसलो. शेवटी साहेबांनी आस्थेने विचारलं, “मानेला काही झालंय का? सरळ पडून राहा दोन दिवस.”

लोकलला आपण जन्मभर शिव्या दिल्या, पण ‘माझी ६:३८ सुटेल’ या वाक्यापुढे मोठ्या साहेबांचंही काही चालत नसे. हसत का होईना, सोडायचे. आता ते वाक्यच गेलं. रात्री आठची मीटिंग, रविवारी ‘एक छोटासा कॉल’, जेवणाच्या ताटावर फोन. वर प्रत्येकाचं पालुपद एकच: “घरीच तर आहात!” घर म्हणजे जणू ऑफिसची गच्ची. याचा मला अजूनही राग येतो. बायकोजवळ मी तो रोज काढायचो. ती ऐकून घ्यायची आणि घड्याळ बघायची, कारण तिचाही तास आठलाच असायचा.

ती शाळेत पाचवीला गणित शिकवते. तिचे साहेब, चौकोन, मागची भिंत, काही नाही. ओट्यावर तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलेला एक फोन. तास रात्री आठला का, हे मी उशिराच विचारलं. “मुलांचे बाबा तेव्हा घरी येतात,” ती म्हणाली. “फोन त्यांच्याबरोबर असतो ना.” कोणाचे वडील वॉचमन, कोणाचे दूध टाकणारे, कोणी रिक्षा चालवणारे. एका घरात भावंडं तीन आणि फोन एक, तर मुलं दिवस वाटून घ्यायची. टाळेबंदीत काही कुटुंबं गावी गेली ती परतलीच नाहीत. त्यांतल्या एका मुलीचं नाव ती हजेरीत रोज घ्यायची, जरा थांबायची, मग पुढचं नाव. “कशाला घेतेस?” म्हटलं, तर म्हणाली, “पटावर आहे ती.” मी लॅपटॉप उघडून बसलो. त्या दिवशी मागे काय दिसतंय ते बघायचं राहूनच गेलं.

अपूर्णांक मात्र फोनवर नुसते सांगून मुलांना समजेनात. म्हणून एका संध्याकाळी, माझी मीटिंग ऐन रंगात आलेली असताना, माझ्या खांद्यामागून एक हात आला, शोकेसचं दार सरकलं, अडकलं, पुन्हा सरकलं, आणि डिनर सेटमधले सहा कप एकेक करून निघाले. ओट्यावर आईच्या भाकऱ्या चालू होत्या, त्यामुळे वर्ग हॉलमध्येच, माझ्या पाठीशी, जमिनीवर भरला. माझे हेडफोन चिरंजीवांनी परीक्षेसाठी नेलेले. मी खर्चकपातीवर बोलत होतो. बोलणं संपवून मी सूचनांची वाट पाहत थांबलो. माईक चालू होता. नेहमीप्रमाणे कोणी काही सुचवेना.

त्या शांततेत मागून स्वच्छ आवाज आला, “सहा कपांपैकी दोन कप म्हणजे किती?”

ज्यांच्या तोंडून मी आजवर एक अख्खं मराठी वाक्य ऐकलं नव्हतं, ते आमचे मोठे साहेब चटकन म्हणाले, “एक छेद तीन.”

“शाब्बास,” बायको मान वर न करता म्हणाली. “पण आधी हात वर करायचा.”

आणि मोठ्या साहेबांनी केला.