मनगटावरचा कौल

पळण्याचा वेग आणि हृदयाचे ठोके यांची सांगड घालून घड्याळ सांगतं, शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं. अंदाजच तो, खरी मोजणी तोंडाला मास्क लावून, ट्रेडमिलवर जीव काढून होते. पण आकडा एकाने घसरला, की नरसोबाच्या वाडीचा धावपटू शिरोळ रस्त्यावरून सुतकी चेहऱ्याने परततो. एप्रिलच्या उन्हात ठोके वाढणारच, पण ऊन प्रत्येक घड्याळाला कुठं लागतं? (बासुंदीचा हिशेब तर त्याच्या गावीही नाही.) महिन्या-दोन महिन्यांचा कल बघावा, इतपत ठीक. आमचा पठ्ठ्या दत्ताला प्रदक्षिणा घालतानाही मनगट बघतो, आणि ती चालण्यात धरली की पळण्यात, यावरून घड्याळाशीच भांडतो.