मुक्काम पोस्ट मरोळ

चिपळूणच्या प्रवासासाठी मी नवी डायरी घेतली होती. पहिली नोंद: पहाटे 5.40, प्रस्थान. दुसरी: 5.55, मरोळ नाका, गाडी बंद. तिसरी संध्याकाळची आहे आणि तीही मरोळचीच.

गाडी म्हणजे मामाची टाटा 407. हे मॉडेल 1986 साली आलं. मामाची गाडी नंतरची, पण दिसते त्याच्याही आधीची. मागे माझी पुस्तकांची खोकी. नाक्यावर इंजिनात खट्-खट् सुरू झालं. "डिझेल आहे, बोलणारच," मी म्हणालो. गाड्यांतलं माझं ज्ञान हॉर्नपाशी सुरू होऊन तिथेच संपतं. मामाने दहावीच्या निकालाच्या दिवशी पाहिलं होतं, तसंच पाहिलं.

देखावा मात्र बघण्यासारखा. डोक्यावर 2014 सालची मेट्रो, पायाखाली 2024 सालची, दोन्ही धावताहेत. मधल्या मजल्यावर आम्ही.

तोवर निदान सुरू झालं होतं. रिक्षावाला म्हणाला, टॅपेट. चहावाला म्हणाला, बेअरिंग गेलं, हाफ इंजिन उतरवा. सुक्या बाजाराकडे निघालेली एक मावशी म्हणाली, दृष्ट काढा. मला तिचं पटलं. सर्वात स्वस्त तेच होतं.

अकराला मिस्त्री आला. "सगळे गप्प!" मरोळ गप्प बसेना, वरून विमान गेलं. ते जाईपर्यंत थांबून त्याने लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानाला. मग ऑइल प्रेशर पाहिलं. चांगलं होतं. बेअरिंगचा संशय निम्मा उतरला, चहावाल्याचा चेहरा पूर्ण.

मग तो एकेका नोजलच्या पाइपाचा नट सैल करत गेला. एक नंबरला इंजिन लंगडलं, खटखट तशीच. तीन नंबरला खटखट गायब! मी टाळी वाजवली.

"थांबा साहेब, बेअरिंगपण असंच फसवतं." त्याने एक आणि तीनची नोजलं अदलाबदल केली. आवाज बिऱ्हाड उचलून एक नंबरला राहायला गेला. म्हणजे दोष नोजलचा, घराचा नाही.

कारण मला आवडलं म्हणून सांगतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते; दाबून तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा पेटतो. नोजल फवारण्याऐवजी थेंब गाळू लागलं, की डिझेल साचतं आणि उशिरा, एकदम भडकतं. तोच ठोका. आमच्या घराण्यात राग असाच येतो.

नोजल पंपवाल्याकडे गेलं. तिथल्या पोराने "पाच मिनिटं" सांगून आम्हाला अडीच तास उन्हात बसवलं. मी चिडून डायरी फेकली, पुन्हा उचलली. मामा जेवला नाही. बॉनेटवर तळवा ठेवून उभा होता, आजोबांच्या शेवटच्या आजारात त्यांच्या कपाळावर ठेवायचा तसा. मी विनोद करायचं थांबवलं.

पाचला नवं नोजल बसलं. इंजिन सुरू झालं. मामाने मामीला फोन लावला आणि काही न बोलता तो इंजिनाजवळ धरला. इतकी वर्षं वळणावर ही गाडी ऐकू आली, की ती चुलीवर तवा ठेवते.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग मामी म्हणाली, "बरोबर आहे आता. पण तवा इतक्यात ठेवत नाही. तुम्ही अजून मरोळलाच ना?"