कोपर ते किलिमांजारो, व्हाया कळसूबाई

आमच्या सोसायटीत गच्चीच्या गळतीवर गेली कित्येक वर्षं एकमत होत नाही, पण किलिमांजारोवर अर्ध्या तासात झालं. टांझानियातला डोंगर, उंची 5,895 मीटर, माथ्यावर बर्फ आणि पोटात ज्वालामुखी.

"फुटला तर?" वहिनींनी पहिला मुद्दा काढला.

सेक्रेटरींनी खुलासा केला की मुख्य शिखर किबो निद्रिस्त आहे.

"झोपलेल्याला उठवायला तुमची मीटिंग पुरे."

मग बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी लाव्ह्याचं भय घालवलं. सगळा सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचाच. समोरचा मलंगगडही त्यातलाच आणि रुळांखालची काळी खडीसुद्धा. म्हणजे आपण रोज ज्वालामुखीवरूनच ऑफिसला जातो. हे ऐकून वहिनी यायला तयार झाल्या.

सरावाला कळसूबाई ठरली. डोंबिवलीहून कसारा लोकल, पुढे जीपने बारी, मग शिड्या. महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर, 1,646 मीटर. तेवढ्यात कुणीतरी माहिती काढली, की किलिमांजारोची मचामे वाट सुरूच होते 1,800 मीटरच्या आसपास. कळसूबाईच्या देवळात घंटा वाजवली, तरी आपण तिकडच्या फाटकाच्या खालीच. सभेत थोडा वेळ कुणी बोललं नाही. चहा आला म्हणून निभावलं.

सामानावरून खरा खटका उडाला. हमालाने 20 किलोपेक्षा जास्त उचलायचं नाही, हा तिथला नियम. वहिनींचा नुसता फराळच त्याच्या आसपास. त्यात 2019 पासून टांझानियात प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी. प्रत्येक मराठी स्वयंपाकघरात दाराआड लटकणारी ती पिशव्यांची पिशवी विमानतळावरच काढून घेतील, हे कळल्यावर चिवडा कशात न्यायचा? काकांनी पायजम्याच्या नाड्या घालून कापडी थैल्या शिवायला घेतल्या आहेत.

विरळ हवेचा प्रश्न मात्र आम्हाला सोपा वाटला. माथ्यावर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्यावर येतो, म्हणून दिवसा उंच चढायचं आणि रात्री खाली येऊन झोपायचं. मचामे वाटेवर लाव्हा टॉवरला 4,600 मीटरपर्यंत नेतात आणि मुक्कामाला पुन्हा उतरवतात. आमच्या कोपर स्टेशनात याची सोय आधीपासूनच आहे: वर दिवा-वसईचा फलाट, खाली मेन लाईनचा. चढा, उतरा, घरी जाऊन झोपा.

अडलं ते वेगावर. गाईडशिवाय त्या डोंगरावर जाता येत नाही आणि गाईड पावलोपावली 'पोले पोले' म्हणतो. सावकाश! जन्मभर सुटत्या गाडीमागे धावलेल्या माणसांना हे कोण शिकवणार? तरी रविवारी स्टेशनच्या जिन्यावर सराव सुरू केला. एक पायरी, एक श्वास. काका पुढे, आम्ही मागे.

"काका, वरातीत आलात का?" मागून एक पोरगा ओरडला.

काका ढळले नाहीत. गाईडच्या थाटात त्यांनी हात वर केला. तेवढ्यात वरच्या फलाटावर भोंगा वाजला आणि काकांसकट सगळी मोहीम दोन-दोन पायऱ्या गाळत वर धावली.

वसईला कुणालाच जायचं नव्हतं.