सहा हजारांचा कान

मध्यम किमतीचा इअरफोन म्हणजे नेमका किती रुपयांचा, याची व्याख्या कोणत्याही कंपनीच्या पत्रकात सापडत नाही. ती अकोल्याच्या जठारपेठेतल्या घरांत सापडते. ज्याची किंमत घरात खरी सांगितली तरी चालते तो स्वस्त. जो घेतलाच जात नाही तो महाग. आणि ज्याची किंमत निम्मी सांगावी लागते तो मध्यम. आजच्या हिशेबाने हा प्रांत पाच हजारांच्या आगेमागे सुरू होतो आणि दहा हजारांपाशी संपतो. त्याला नुसते इअरफोन म्हटलेले मालकाला खपत नाही. ते ‘इन-इअर मॉनिटर’, लाडाने ‘आयईएम’. वस्तू मुळात रंगमंचावरच्या लोकांची. 1995 मध्ये जेरी हार्वी या ध्वनितंत्रज्ञाने व्हॅन हेलन या अमेरिकन रॉक बँडच्या ड्रमवादकासाठी कानात घट्ट बसणारी जोडी तयार केली, कारण मंचावरच्या गदारोळात त्याला हवे ते ऐकू येत नव्हते. आतले इवलेसे भाग आले ते श्रवणयंत्रांच्या धंद्यातून. म्हणजे वस्तू जन्मली गोंगाटात, पण तिची परीक्षा घेणारे बसतात बंद, गार, निःशब्द खोलीत. माझी तक्रार इथूनच सुरू होते. अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो; 2024 साली तर उन्हापायी जिल्ह्यात कलम 144 लावावे लागले. अशा दिवसांत जठारपेठेतला माणूस जे काही ऐकतो ते कूलरसमोर बसून ऐकतो. तेव्हा आयईएमची परीक्षा व्हायची तर ती कूलर चालू ठेवून, किंमत झाकून, आणि आपल्या कानांनी प्रत्यक्ष ऐकलेल्या आवाजांवर व्हावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

सध्या परीक्षा होते ती विशेषणांवर. गावातल्या मोबाइलच्या दुकानात सहा हजारांचा आयईएम कानात घालून पाहायला कोणी देत नाही, आणि दिला तरी आधी तो कोणाकोणाच्या कानात जाऊन आला असेल याचा विचार करून घालू नये. ऑनलाइन मागवावा तर कानात घातलेली वस्तू परत घेताना विक्रेते नाक मुरडतात. मग उरतात परीक्षणे. त्यांत बास ‘घट्ट’ असतो, मधला भाग ‘मलईदार’ असतो, वरच्या पट्टीला ‘झळाळी’ असते आणि एकूण आवाज ‘उबदार’ असतो. अकोल्यात मे महिन्यात उबदार हे कौतुक म्हणून वापरणारा माणूस नक्की बाहेरगावचा. ही विशेषणे लिहिणारा खोटे बोलतो असे नव्हे. पण दुसऱ्याने ठेचा खाऊन आपल्याला तिखटपणा सांगावा, तशातला हा प्रकार आहे. शिवाय किंमत वाढली की विशेषणेही भारी होत जातात: दोन हजारांचा ‘बरा’ असतो, आठ हजारांचा ‘परिपक्व’. या वाढीला मोजमापाचा आधार फारसा नाही. येरून ब्रेबार्ट या संशोधकाने 2017 मध्ये 283 हेडफोनांची मोजमापे त्यांच्या किमतींशी ताडून पाहिली. कोणत्या पट्टीत कोण किती आवाज देतो याचा आणि किमतीचा काही संबंध त्याला आढळला नाही. त्याच्याही आधी, 1994 मध्ये, फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी स्पीकरांवर प्रयोग केला होता: तेच स्पीकर, तेच लोक, एकदा डोळ्यांसमोर ठेवून आणि एकदा पडद्याआड. पडदा पडला आणि मतेही बदलली. कान बापडे इमानदार होते. डोळे मध्ये बोलत होते.

यावर कोणी म्हणेल, मग काय दोनशे रुपयांचा आणि सहा हजारांचा सारखाच? तसे नाही. जास्त पैशांत धातूचे कवच येते, तुटली तर बदलता येणारी वायर येते, डाव्या-उजव्या बाजूंचा मेळ बहुधा नीट जमवलेला असतो, आणि खोकाही असा येतो की तो टाकून द्यायला जीव होत नाही. खोक्यावर ‘हाय-रेझ’चा सोनेरी शिक्का असतो, तो सांगतो की हा आयईएम 40,000 हर्ट्झपर्यंत वाजतो. माणसाचा कान फार तर 20,000 ला थांबतो, पन्नाशीतल्या माणसाचा त्याच्या पुष्कळ आधी. वरच्या वीस हजारांचा लाभ संध्याकाळी झाडांवरून उठणाऱ्या वटवाघळांना होत असेल, तर मला त्यांच्याबद्दल आनंदच आहे.

खरा घोळ आवाजाच्या मोठेपणाचा. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच दाखवले की आवाज हळू असला की कानाला खालचे आणि वरचे स्वर कमी ऐकू येतात. वाढवला की दोन्ही भरून येतात. म्हणून दोन आयईएमपैकी एक किंचित मोठा वाजत असेल तर तो आपल्याला मोठा वाटतच नाही, चांगला वाटतो. त्यातच भर टाकतो आपला जुना स्वभाव: लग्नाच्या मांडवापासून मिरवणुकीपर्यंत, ज्याचा भोंगा मोठा त्याचा सूर खरा. दोन आयईएम फोनच्या एकाच खुणेवर ठेवले तरी सारखे वाजत नाहीत, कारण प्रत्येकाची संवेदनशीलता वेगळी. यावर उपाय सोपा आहे, फक्त तो करताना अहंकाराला जरा लागते: जो जास्त आवडला त्याचा आवाज एक खूण कमी करावा आणि पुन्हा ऐकावे. तरीही तोच आवडला तर त्याच्या बाजूने बोलायला हरकत नाही. बहुतेक वेळा निकाल फिरतो, आणि परीक्षणातली ‘झळाळी’ म्हणजे फोनच्या कडेचे बटण होते हे कळते.

दुसरा घोळ कानाच्या भोकाचा. प्रत्येकाच्या कानाची नळी वेगळ्या कोनात वळते, आणि खोक्यात रबरी टिपांच्या तीन जोड्या येतात, त्यातली मधली आधीच लावलेली असते. नव्वद टक्के परीक्षा तिथेच संपते, कारण ती मधली टिप काढून पाहण्याचे कष्ट कोणी घेत नाही. टिप सैल बसली की बास फटीतून निघून जातो आणि माणूस म्हणतो, “याच्यात बास नाही राजेहो!” बास होता, तो कानाबाहेर जठारपेठेच्या हवेत वाजत होता. दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढून टिप आत सरकवावी, मग हात सोडावा. नीट बसली की कूलरचा पाण्याचा सळसळाट जवळजवळ गायब होतो, पंख्याची घरघर तेवढी उरते. कारण वरचे आवाज रबर सहज अडवते, खालचे तितके नाही. नीट बसल्याची आणखी एक खूण: चिवडा खाऊन पाहावा. कान बंद असला की आपल्याच जबड्याचा आवाज हाडांतून येऊन आत कोंडतो, आणि एका शेंगदाण्याचाही खडी फोडल्यासारखा आवाज होतो. गाणे ऐकू येईनासे झाले तर टिप उत्तम बसली आहे असे समजून चिवडा थांबवावा.

आता खालची घरघर उरते, ही गोष्ट किरकोळ नाही. एक आवाज दुसऱ्या आवाजाला झाकतो, आणि पंख्याची घरघर नेमकी बासच्या हद्दीत बसलेली असते. त्यामुळे ज्या आयईएमचा बास निःशब्द खोलीत बसलेल्या परीक्षकाला ‘जरा जास्त’ वाटतो, तोच कूलरपुढे बरोबर वाटतो. आणि ज्याला त्याने ‘अचूक’ म्हटले तो मे महिन्यात तबल्याचा डग्गा काढून टाकतो, नुसती चाट ऐकवतो. इथे आक्षेप असा: आवाज बाहेरचा, त्याचा दोष वस्तूला काउन? दोष देत नाही. पण ज्या जागेत वस्तू वापरायची नाही त्या जागेतला निकाल आपल्या काय कामाचा? शेतीची अवजारे कृषी विद्यापीठ शिवारात नेऊन तपासते, दिवाणखान्यात नाही.

मोठा आक्षेप वेगळाच आहे. ‘आमचे कान तयार नाहीत,’ असे अकोल्यातला माणूस नम्रपणे म्हणतो आणि कोणा परदेशी परीक्षकाच्या पायाशी बसतो. हा नम्रपणा मला मुळीच पटत नाही. परीक्षेला लागतो तो खऱ्या आवाजाचा जवळून घेतलेला अनुभव, आणि तो वऱ्हाडात फुकट मिळतो. शेगावची गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना अकोल्यात येते, तेव्हा शेकडो टाळ एका ठेक्यात वाजत रस्त्याने जातात. त्यात प्रत्येक टाळाला सुरुवातीची ठोक असते आणि मागून लांबत जाणारी झणझण. दोन्ही वेगळे ऐकू येतात. ज्या आयईएममध्ये टाळांचा नुसता ‘स्स्स’ होतो, त्याची वरची पट्टी फुगवलेली आहे, हे सांगायला आलेखाची गरज नाही. तुकडोजी महाराजांची खंजिरी घ्या: एकाच हातात चामडे आणि चकत्या, म्हणजे खालची थाप आणि वरची छमछम एकाच क्षणी. एक दुसरीला गिळत असेल तर आयईएम नापास. अशा खंजिरीची जुनी ध्वनिमुद्रणे ऐकणाऱ्याने तर जास्तच जपावे. त्यांच्यात मुळातच खरखर आहे, आणि ‘तपशील’ दाखवणारा आयईएम ती खरखर इतकी स्वच्छ दाखवतो की सहा हजार नेमके कशाचे दिले असा प्रश्न पडतो. पखवाज असेल तर डाव्या पुडीला कणीक लावलेली असते. तिचा ओलसर, जड घुमारा आणि नुसता ‘धप’ यांतला फरक भजनाला बसलेल्या कोणालाही कळतो. तबल्याच्या शाईमुळे त्याचे उपस्वर सुरात कसे येतात हे सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिले, पण ते सुरात आहेत की नाहीत हे त्याच्या कितीतरी आधी हातोडीने गठ्ठे ठोकणाऱ्यांना ठाऊक होते.

एकच वाद्य निवडायचे तर मी तानपुरा निवडीन. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार 69 हर्ट्झच्या आसपास वाजते, आणि जवारी लागली की त्याच तारेतून काही हजार हर्ट्झपर्यंत उपस्वरांची रांग उठते. बासपासून झळाळीपर्यंतची सगळी परीक्षा चार तारांत. या जवारीसाठी मिरजेचे कारागीर घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा धागा ठेवून तो केसभर इकडेतिकडे सरकवतात आणि ऐकतात, पुन्हा सरकवतात, पुन्हा ऐकतात. मिरजेच्या तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते या ऐकण्याच्या जोरावर. आयईएममध्ये तानपुरा ऐकताना तार छेडल्यावर उपस्वर एकामागून एक उलगडायला हवेत. सगळे एकदम अंगावर आले तर कुठेतरी एखादी पट्टी वर आलेली आहे. आणि नुसती गुणगुण ऐकू आली तर तो आयईएम प्रवचनासाठी ठेवावा.

आलेखवाले इथे उठून उभे राहतात. ते म्हणतात, हे सगळे भावनिक आहे. हरमन कंपनीच्या संशोधकांनी शेकडो लोकांना ऐकवून लोकप्रिय आवाजाची रेषाच काढून ठेवली आहे, तिच्याशी जुळणारा घ्या आणि मोकळे व्हा. मला या लोकांबद्दल आदर आहे, कारण विशेषणांपेक्षा रेष बरी. स्वस्तातल्या चिनी आयईएमनी गेल्या काही वर्षांत जी मजल मारली तीही या रेषेच्या आधाराने. पण ती रेष निघते धातूच्या नकली कानात. आयईएम आत किती शिरला यावर आठ-दहा हजार हर्ट्झच्या वरचा भाग हलतो, आणि नकली कानाला ना मळ असतो ना वय. आलेख पाहून तीन-चार निवडावेत, इतपत ठीक. पुढे त्याला कानाजवळ येऊ देऊ नये. दुसरे म्हणतात, शंभर तास वाजवल्याशिवाय आयईएम ‘उघडत’ नाही. शंभर तासांत उघडते ते बहुधा ऐकणाऱ्याचे मन, आणि परत करायची मुदत मात्र बंद होते.

किंमत झाकून ऐकायचे ठरवले तरी घरी एक अडचण आहेच. स्पीकर पडद्याआड ठेवता येतो. आयईएम डोळे मिटूनही ओळखू येतो, कारण धातूचे कवच गार लागते आणि प्रत्येकाचा आकार कानाला वेगळा टोचतो. हरमनच्या संशोधकांनी यातून वाट काढली ती एकाच इअरफोनवर इक्वलायझरने निरनिराळ्या आयईएमचा आवाज चढवून. हीच युक्ती घरी करता येते, आणि तिला एक पैसाही लागत नाही. हाताशी असलेला साधा पण बरा आयईएम घ्यावा, फोनमधल्या इक्वलायझरने त्याची रेष महागाच्या रेषेजवळ आणावी आणि तानपुरा लावावा. फरक उरला तर महाग घ्यावा. बऱ्याचदा उरतो तो धातूचा गारवा. शुद्धतावादी म्हणतील, इक्वलायझर म्हणजे मूळ ध्वनीशी बेइमानी. मूळ ध्वनी स्टुडिओतून निघण्याआधीच इक्वलायझरमधून गेलेला असतो, आणि आपल्यापर्यंत पोहोचताना त्यात कूलरही मिसळतो. स्टुडिओला आणि कूलरला चालते ते आपल्याला चालायला हरकत नसावी. उन्हाळ्यासाठी बास दोन-तीन डेसिबल चढवलेली एक मांडणी ‘मे’ या नावाने फोनमध्ये जतन करून ठेवावी. मृगाचा पहिला पाऊस पडून कूलर बंद झाला की ती न विसरता काढावी, नाहीतर डग्गा गाणाऱ्याच्या डोक्यावर बसतो आणि लोक आयईएम बदलायला निघतात.